किनाऱ्याचा हजेरीपट ठेवतेय, पण त्यात नेमकं लिहायचं काय?

मास्तरीणबाई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी सत्तावीस वर्षं डोंबिवलीत पाचवी ते सातवीच्या मुलांना गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं यजमानांच्या गावी, दापोली तालुक्यात येऊन राहिलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कासवाची घरटी कुठे सापडतात ते इंटरनेटवर टाकायचं नाही, असं इथल्या कासवमित्राने, म्हणजे कासवाची घरटी राखणाऱ्या माणसाने, पहिल्याच दिवशी बजावलंय. तो माझ्याहून तीस वर्षांनी लहान आहे, पण या विषयात मास्तर तो आणि विद्यार्थिनी मी.

घरापासून पुळण सात मिनिटांवर. एका टोकाला खाडीचं मुख, दुसऱ्या टोकाला खडप म्हणजे खडकाळ भाग, मध्ये पावणेदोन किलोमीटर वाळू आणि वर सुरूचं बन. डॉक्टरांनी गुडघ्यांमुळे मऊ वाळूत चालू नका असं सांगितलंय, म्हणून मी ओल्या वाळूवरून चालते. गेल्या दिवाळीपासून रोज. हळूहळू सोबत जमली: यजमान, कॉलेजातल्या दोन मुली, रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) जाणारे एक काका आणि नाक्यावरचे दुकानदार. सहा जणांतल्या एका तरी माणसाला रोज जमतंच.

लिहून ठेवायचं खूळ माझं. शाळेतला एक कोरा हजेरीपट ट्रंकेत पडून होता. मुलांच्या नावांच्या जागी मी लिहिलं: कासवाचा माग, मेलेलं कासव, डॉल्फिन, पक्षी, कचरा, माणसं, गाड्या, कुत्री. पुढे तारखांचे रकाने. दिसायला झक्क. पण पाच महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर परीक्षेच्या आदल्या रात्री भरलेल्या प्रयोगवहीची कळा.

कचऱ्याचंच बघा. आम्ही 'गोणी' हे माप धरलं. एक दिवस 'दोन गोणी', तर दुसऱ्या दिवशी 'अर्धी गोणी'. पण भिजलेल्या जाळ्याची अर्धी गोणी दोघांना उचलत नाही आणि थर्माकोलच्या दोन गोण्या मी एकटी नेते. याची बेरीज करायची कशी? सातवीतल्या पोराने असं गणित आणलं असतं तर मी वही परत केली असती.

दुसरी चूक माझी स्वतःची, आणि ती खुपते. जानेवारीत मेलेली कासवं आली. माझ्या नोंदीत तीन आहेत. रापणवाले काका म्हणतात दोनच होती, एकच भरतीने ह्या टोकाहून त्या टोकाला नेलं. खरं काय ते आता कळणार नाही, कारण वास सुटला म्हणून मी एक फोटोसुद्धा न काढता गाडून टाकायला लावलं.

माणसं आणि गाड्यांचं तर विचारूच नका. नाताळच्या आठवड्यात एका संध्याकाळी पुळणीवर अकरा गाड्या होत्या. मंगळवारी एकही नाही. मग महिन्याचा आकडा काय लिहायचा?

आणि शेवटचं. ज्या दिवशी काहीच दिसत नाही त्या दिवशी यजमान म्हणतात, लिहायचं कशाला? पान वाया. म्हणून बरेच रकाने कोरे आहेत. आता कोरा रकाना म्हणजे काही दिसलं नाही, की त्या दिवशी कोणी गेलंच नाही, हे माझं मलाच सांगता येत नाही.

अनुभवी लोकांनी मार्ग दाखवावा. चुका काढल्या तरी चालतील, मी आयुष्यभर इतरांच्या काढल्या आहेत.

कासवमित्र_१०

बाई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. यजमानांना सांगा, हजेरीत गैरहजर मुलाचीही खूण असते. काही दिसलं नाही तर '०' लिहा. कोणी गेलंच नाही तर आडवी रेघ मारा. मी पहिली तीन वर्षं शून्य लिहिलं नाही आणि ती तीन वर्षं फुकट गेली. 'यंदा माग कमी का' असं कोणी विचारलं तर कासवं कमी आली की मी कमी फिरलो, हे सांगता यायला हवं. मला येत नव्हतं.

आता कासव. आपल्याकडे येतं ते बहुतेक ऑलिव्ह रिडले. रात्री येतं, शंभर-सव्वाशे अंडी घालतं, खड्डा बुजवतं आणि जातं. आपल्या हातात उरतो तो माग. तो पहाटेच बघायचा, कारण खालचा माग भरती पुसते आणि वरचा माणसं तुडवतात. रिडलेचे पाय आळीपाळीने पडतात, म्हणून डाव्या-उजव्या खुणा एकासमोर एक नसतात. हिरव्या कासवाच्या खुणा समोरासमोर असतात, माग जास्त रुंद असतो आणि मधे बऱ्याचदा शेपटीची रेघ दिसते. मागाची रुंदी टेपने मोजा, फोटो काढा. वर जाणारा आणि खाली येणारा असे दोन्ही माग बघा. कधी कधी कासवीण वर येते, उजेड किंवा कुत्री बघते आणि अंडी न घालता परत जाते. तीही नोंद हवी. माझ्या मते घरट्याइतकीच महत्त्वाची, कारण किनाऱ्यावर काय बिघडलंय ते तीच सांगते.

घरटं दिसलं तर काठी घालून शोधू नका, उकरू नका. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; अंडी हलवायची तर वन खात्याच्या देखरेखीखाली. शिवाय घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या आतल्या बाजूला धरतो, त्यानंतर अंडं फिरलं की संपलं. तुमच्या गावात कासवमित्र आहे म्हणताय तर त्याला लगेच फोन करा आणि तो येईपर्यंत मागावर कोणाला चालू देऊ नका. तुमचं काम तेवढंच, पण तेच सगळ्यात जास्त वेळा चुकतं.

मेलेलं कासव: वरून एक फोटो, बाजूने एक, शेजारी चप्पल ठेवून. पाठीची लांबी टेपने. ताजं आहे, फुगलंय की नुसती हाडं उरलीत. मानेला किंवा पायाला जाळ्याच्या दोरीचे काच आहेत का. मग पाठीवर ऑइल पेंटची फुली. म्हणजे भरतीने दुसऱ्या टोकाला नेलं तरी दोनदा मोजलं जाणार नाही. पुरायचं ते वनरक्षक येऊन पंचनामा झाल्यावर. तुमच्या त्या तिसऱ्या कासवाला पेन्सिलीने गोल करून ठेवा, खोडू नका.

पुढच्या पायावर धातूचा बिल्ला असेल तर त्यावरचा आकडा हीच खरी कमाई. ओडिशात २०२१ साली बिल्ला मारलेली कासवीण २०२५ च्या जानेवारीत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका आकड्याने विचार करायला लावलं. तो कोणीतरी वाकून वाचला म्हणून.

तुम्हाला वाटेल पावणेदोन किलोमीटरला कोण विचारतं. वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवं वाचवायचं काम सुरू केलं तेव्हा तीही एका गावाची एक पुळणच होती. आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमनाच्या कायद्यात सीआरझेड-१ अ, म्हणजे सगळ्यात नाजूक समजल्या जाणाऱ्या पट्ट्यात येतात. उद्या तुमच्या सुरूच्या बनाला लागून कोणी काही बांधायला निघालं, तर 'इथे कासवं येतात' हे तोंडी सांगून भागत नाही.

वीकेंडवाला_पुणेकर

मी त्या अकरा गाड्यांपैकी एक असू शकतो. 😅 त्याच गावात नसेन, पण तुमच्याच तालुक्यात, दोन वर्षांपूर्वी. गाडी रुतली, भरती चढायला लागली, ट्रॅक्टरवाल्याने दोन हजार घेतले. बायको अजून काढते.

खरं सांगतो, तिथे कासवं येतात हे आम्हाला परत आल्यावर कळलं. वाटेवर एक पाटी होती, 'निसर्ग जपा' वगैरे. ती कोण वाचतो? 'इथे गाड्या रुततात' असं लिहिलं असतं तर मी वरच लावली असती.

खाडीपलीकडचा

बाई, तुम्ही रोज ठरावीक वेळेला जाता, पण पाणी ठरावीक वेळेला येत नाही. ते रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. म्हणून तुमचा सोमवारचा कचरा आणि पुढच्या सोमवारचा कचरा यांची तुलनाच होणार नाही. एका दिवशी अख्खी पुळण उघडी, तर दुसऱ्या दिवशी अर्धी पाण्याखाली.

गणिताच्या बाई आहात म्हणून आमच्या आजोबांचं गणित सांगतो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. दुपारी आणि रात्री दोन्हीकडे तेच. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण पंचांगापलीकडे काही लागत नाही.

आणखी एक. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं आणि कचराही तिथेच टाकतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार वर येत नाही. म्हणून पहाटे भरती असली तरी भांगाला वरची पुळण कोरडी असते, माग बघायला अडचण नाही. पण कचरा मोजायचा तर उधाण होऊन गेल्यावर, सुकतीला. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. रोज गोळा करा हवं तर, पण रोज मोजू नका.

जाळ्याबद्दलही बोलतो. आमच्या लोकांवर सगळे घसरतात. जाळं हजारो रुपयांचं असतं, हौसेने कोणी टाकत नाही. खडकात अडकतं, ट्रॉलर वरून जातो, तुटतं आणि वाहत येतं. जाळ्यात कासव मिळालं तर जाळं कापून सोडायचं म्हणून २०१८ पासून सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, फोटो लागतो. तुमच्या रापणवाल्या काकांना हे माहीत आहे का विचारा. नसेल तर सांगा. आमच्याकडे अर्ध्या लोकांना उशिरा कळलं.

मास्तरीणबाई

तिथीची पाऊणपट! अहो, तीस वर्षं कालनिर्णय भिंतीवर आहे आणि त्यात भरती-ओहोटी लपली आहे हे आज कळलं. यजमानांना विचारलं तर म्हणाले, 'हे सगळ्यांना माहीत असतं.' मग सांगितलं का नाही? 'तू विचारलं नाहीस.'

काकांनाही विचारलं. भरपाईचं ऐकून होते, पण 'आधी फोटो काढू की आधी कासव सोडू' म्हणाले. त्यांच्याकडे साधा फोन आहे. ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सध्या असं ठरलंय की रापण ओढायच्या दिवशी दोघी मुलींपैकी एक मोबाइल घेऊन उभी राहील.

कासवमित्र_१०, पेन्सिलीचा गोल काढला. शून्यं लिहायला सुरुवात केली आहे. मागची भरणार नाही, कारण आठवणीवरून हजेरी लावणं म्हणजे काय ते मला चांगलंच माहीत आहे.

पण कचरा मोजायचा म्हणजे नेमकं काय करायचं? पावणेदोन किलोमीटरवरचा प्रत्येक तुकडा?

कासवमित्र_१०

नाही हो. शंभर मीटर घ्या. दोन कायमच्या खुणांमध्ये, पाण्याच्या कडेपासून वर वाळूत पसरणारी मर्यादवेल सुरू होते तिथपर्यंत. अडीच सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक वस्तू मोजायची, वजन नाही. नग. जगात बहुतेक ठिकाणी साधारण असंच करतात. आणि सगळ्यात घाण तुकडा निवडू नका! सगळे तेच करतात, फोटो चांगला येतो म्हणून. चिठ्ठ्या टाकून निवडा.

वस्तूंची नावं तुमच्या गावात जी चालतात तीच ठेवा, पण वर्षभर बदलू नका. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा वेगळा मोजा. तो घरातून येतो, ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून पुळणीवर. जाळ्याची दोरी आणि जाळं तरंगतं ठेवणारे थर्माकोलचे बोये होड्यांवरून येतात. बाटली, वेफरचं पाकीट पर्यटकांचं असू शकतं किंवा नसूही शकतं. म्हणजे कोणाला जाऊन काय सांगायचं ते नगांवरून कळतं, गोणीवरून नाही. पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या येतील, त्याही लिहा. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ जहाज बुडालं तेव्हा तिकडच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे बारीक दाणे आले. असं काही आपल्याकडे आलं तर 'आधी असे दाणे नव्हते' हे म्हणायला आधीची वही लागते.

सफाईच्या नादात मर्यादवेल उपटू नका आणि लाकडाचे ओंडके, शेवाळ, शिंपले उचलू नका. मागे आमच्याकडे बाहेरून एक मंडळी आली, फावड्याने पुळण आरशासारखी करून गेली. आदल्या रात्रीचा माग त्यातच गेला.

तुतवार

पक्ष्यांच्या रकान्यात तुम्ही काय लिहिता? 'खूप' असं लिहीत असाल तर माझ्याशी गाठ आहे.

रोज सगळे पक्षी मोजायची गरज नाही. खाडीच्या मुखापाशी एक जागा ठरवा, आठवड्यातून एकदा सुकतीला पंधरा मिनिटं उभ्या राहा. कुरव (सीगल) थव्याने बसतात, दहाचा एक गठ्ठा नजरेत धरा आणि तसे किती गठ्ठे होतात ते मोजा. ओळखू आले नाहीत तर 'कुरव' एवढंच लिहा, चुकीच्या जातीपेक्षा बरं. खडपावर हिवाळ्यात कालवफोड्या दिसतो का बघा: काळा-पांढरा, लांब लालभडक चोच, एकदा पाहिला की विसरत नाही. एखाद्याच्या पायात रंगीत पट्टी असेल तर फोटो हवाच. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात तुमचा आकडा जाऊ शकतो.

एक रकाना मात्र वाढवा: 'थवा किती वेळा उडवला गेला आणि कोणामुळे'. कुत्रा, माणूस, ड्रोन, पॅरासेलिंग, काय असेल ते. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी दर दहा मिनिटांनी उठत असेल तर तो खातो कधी? आणि कुरवांना शेव-गाठ्या घालणाऱ्यांचा वेगळा रकाना ठेवा. तो भरायला मी स्वतः येतो.

माणसांची मोजणीही तशीच: एकाच जागेवरून, रविवारी आणि एका साध्या वारी, संध्याकाळी सहाला, पाच मिनिटांत दिसतील तेवढी. महिन्याचा आकडा काढूच नका. रविवार रविवारशी ताडून बघा, बुधवार बुधवारशी.

खाडीपलीकडचा

डॉल्फिन किंवा देवमासा जिवंत वाळूवर आला तर काय, ते कोणी लिहिलं नाही. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही. डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ द्यायचं नाही. ओली चादर टाकायची, पण नाकपुडी उघडी ठेवायची, आणि गर्दी मागे हटवायची. १९२६ ला फोन करायचा, वन खात्याचा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलं तेव्हा लोकांनी दोन दिवस खपून त्याला समुद्रात नेलं, तरी ते वाचलं नाही. सांगायचं एवढ्यासाठी की सगळं नीट करूनही हरायला होतं. नंतर एकमेकांवर चिडू नका.

मास्तरीणबाई

सगळ्यांचे आभार वेगवेगळे मानत नाही, धागा वाढेल. झालं ते सांगते.

पुणेकर, तुमची पाटी लागली. दुकानदारांनी स्वतः रंगवली: 'पुढे वाळू मऊ आहे. गाडी रुतल्यास ट्रॅक्टर मिळणार नाही.' ट्रॅक्टरवाला चिडला, कारण त्याचा तो जोडधंदा होता. मग आमच्या गावातल्या कासवमित्राने त्याला नेऊन चाकाच्या चरात अडकलेलं पिल्लू दाखवलं. बोटभर खोल चर, पण दोन इंची जीवाला तो दरीसारखा. समुद्र समोर असून ते चरातून आडवंच चालत होतं. ट्रॅक्टरवाला काही बोलला नाही. पाटी अजून आहे, आणि गेल्या रविवारी सहा वाजता गाड्या दोन. त्याआधीच्या रविवारी किती होत्या? माहीत नाही, तेव्हा मी मोजत नव्हते. बसते आता पुढच्या रविवारांची वाट बघत.

शंभर मीटरसाठी चिठ्ठ्या टाकल्या. बऱ्यापैकी स्वच्छ तुकडा आला, मुली हिरमुसल्या. एका टोकाला वाकडा सुरू, दुसऱ्याला विहिरीकडे जाणारी पायवाट.

पहिली मोजणी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी केली. द्वितीया, म्हणजे पाणी दीडला, सुकती साडेसातला. पहाटे माग बघून तसंच पुढे मोजायला बसता आलं, एका फेरीत दोन्ही कामं. थर्माकोलचे तुकडे ८७, बाटल्यांची बुचं ६४, नायलॉनची दोरी ४१, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे २३, चपला ११, इतर ३८. एकूण २६४. यजमानांनी पुन्हा मोजले, २६४च आले. दुधाचे कोपरे बघून दुकानदार गप्प झाले, दूध त्यांच्याच दुकानातून जातं. दुसऱ्या दिवशी गल्ल्याशेजारी त्यांनी एक बरणी ठेवली, कोपरा आणून टाका म्हणून. आतापर्यंत त्यात चार आहेत, त्यातले तीन माझे.

आजची नोंद: माग ०, मेलेलं कासव ०, डॉल्फिन ०, थवा एकदा उडाला (कुत्रा).

एकच शंका राहिली. त्या अकरा चपलांपैकी आठ डाव्या पायाच्या होत्या. काका म्हणतात नेहमीच असं असतं, ह्या पुळणीवर डाव्याच येतात. ते मला बनवताहेत का? तुमच्याकडे कोणी मोजल्या आहेत?